चिऊची वेळ: एडिंबरात घड्याळे बदलताना

२७ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी पहाटे साडेचार वाजता आमची वीस महिन्यांची चिऊ कॉटचा कठडा धरून उभी राहिली आणि "उठली, बाबा, उठली" असे पुन्हा पुन्हा सांगू लागली. बाहेर मिट्ट काळोख होता. सूर्योदयाला अजून अडीच तासांहून अधिक अवकाश होता. पत्नी रात्रपाळीला गेलेली होती. ती परिचारिका आहे आणि त्या रात्री तिची बारा तासांची पाळी तेरा तासांची झाली होती, कारण ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि एक ते दोन हा तास पुन्हा एकदा जगावा लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी याच्या उलट घडते, म्हणजे एक वाजला की घड्याळात थेट दोन वाजतात. एडिंबरात राहायला आल्यापासून आम्ही दोघांनी हे बदल अनेकदा अनुभवले होते आणि एखाद्या दिवसाच्या आळसापलीकडे त्यांचा त्रास आम्हाला कधी जाणवला नव्हता. त्याच वर्षीच्या मार्चमधला बदलही चिऊ तेरा महिन्यांची असताना फारसे काही न होता पार पडला होता, त्यामुळे ऑक्टोबरसाठी आम्ही काही विशेष तयारी केली नव्हती.

जी एक तयारी केली, ती चुकीची ठरली. चिऊ रोज सकाळी सहाला उठत असे, दुपारी साडेबारा ते दोन झोपत असे आणि रात्री सातला झोपी जात असे. शनिवारी रात्री तिला एक तास उशिरा, म्हणजे आठला झोपवले तर सकाळी ती एक तास उशिरा उठेल आणि नव्या घड्याळात बरोबर सहा वाजलेले असतील, असा हिशेब मी मांडला होता. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी जमतो; मात्र या वयाचे मूल झोपेची वेळ टळून गेली की थकव्याने उलट उत्तेजित होते, त्याची झोप चाळवलेली राहते आणि ते नेहमीपेक्षाही लवकर जागे होते. सात ते आठ हा तास चिऊने रडण्यात आणि हातातल्या वस्तू फेकण्यात घालवला, आणि जुन्या घड्याळाप्रमाणे ती साडेपाचलाच उठली. नव्या घड्याळात तेव्हा साडेचार वाजले होते. एका तासाचा फरक भरून काढण्याच्या खटपटीत मी त्यात आणखी अर्ध्या तासाची भर घातली होती.

त्या दिवशी मी पहिली मोठी चूक केली ती साडेचारलाच. दिवा लावला, तिला स्वयंपाकघरात नेले आणि कोमट दूध दिले. दुसरे काय करावे हे त्या क्षणी सुचले नाही. ती भुकेली होती, मी एकटा होतो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची झोप मोडू नये, ही चिंताही होती. या शहरातल्या जुन्या दगडी इमारतींत लाकडी जमिनीवर धावणारी लहान पावले खाली स्पष्ट ऐकू जातात. पण उजेड आणि अन्न या दोन गोष्टींनीच शरीराला दिवस सुरू झाल्याचे कळते, आणि मी त्या दोन्ही गोष्टी साडेचारला तिच्यासमोर ठेवल्या.

दुपारी मात्र असे काही घडले की या सगळ्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. चिऊ सव्वाअकरालाच झोपली आणि एक वाजता उठली. केळे खाऊन झाल्यावर दीडच्या सुमारास तिने माझा फोन शोधून आणला, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, दिवा." शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवशी, मी घरी असतो म्हणून, दुपारच्या झोपेनंतर अडीच वाजता आम्ही साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल करतो. उन्हाळी वेळेत, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर घड्याळे पुढे असताना, भारत ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे आमच्याकडे अडीच वाजतात तेव्हा साताऱ्यात सात वाजलेले असतात. आई देवापाशी दिवा लावते, 'शुभं करोति' म्हणते आणि चिऊ पडद्यासमोर हात जोडून बसते. "अगं, अजून एक तास आहे," असे मी तिला सांगणार होतो. पण मनात हिशेब केला तेव्हा लक्षात आले की आता हा फरक साडेपाच तासांचा झाला आहे आणि साताऱ्यात या क्षणी बरोबर सात वाजले आहेत. कॉल लावला, तर आई काडेपेटी हातात घेऊन बसलेली होती. चिऊची वेळ चुकली नव्हती. साताऱ्याचा दिवा, आभाळातला सूर्य आणि चिऊचे शरीर हे तिन्ही शनिवारी होते तिथेच होते. सरकले होते ते फक्त आमच्या भिंतीवरचे घड्याळ.

आईला सकाळची हकिगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "घड्याळ तुम्ही फिरवलंत, पण तिच्या पोटाला कोण सांगणार रे?" आईच्या वडिलांनी तिला लहानपणी सांगितलेली एक गोष्टही तिला आठवली: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, हिंदुस्थानातही घड्याळे एक तास पुढे केलेली होती, आणि शेतावरची माणसे मात्र कासरा हातात घ्यायची ती सूर्य पाहूनच.

पुढचा आठवडा कठीण गेला, हे मी स्पष्टपणे नोंदवून ठेवतो, कारण 'दोन दिवसांत सगळे सुरळीत होते' असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते आणि तिसऱ्या दिवशीही सुरळीत न झाल्यामुळे आपल्याच हातून काही तरी बिघडते आहे, असे आम्हा दोघांना वाटू लागले होते. नर्सरीत जेवण साडेअकराला असते आणि झोप त्यानंतर. चिऊला साडेदहापासूनच भूक लागायची आणि जेवणाच्या टेबलावर ती डोके टेकून झोपी जायची. संध्याकाळ त्याहून अवघड होती. घड्याळ मागे गेल्यावर इथे सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या आत येतो आणि पुढे रोज सुमारे चार मिनिटांनी दिवस आखडत जातो. मी तिला नर्सरीतून घेऊन निघायचो तेव्हा रस्त्यावर अंधार पडू लागलेला असायचा आणि बाबागाडीत बसल्या बसल्या ती डोळे मिटायची. पाचला पंधरा मिनिटांची डुलकी झाली की सातची झोप हातची गेलीच.

बुधवारी मी आमच्या भागातल्या हेल्थ व्हिजिटरना फोन केला. स्कॉटलंडमध्ये लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवण्यासाठी या प्रशिक्षित परिचारिका घरी येतात आणि फोनवरही सल्ला देतात. त्यांनी आमच्या आठवड्याची सगळी माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला तो साडेचारच्या दुधाबद्दल. त्यांचे म्हणणे असे होते की मुलाची झोप ओढून पुढे नेता येत नाही. झोपेच्या आजूबाजूच्या गोष्टी मात्र हलवता येतात. उजेड, जेवण, आंघोळ आणि बाहेरची फेरी या गोष्टी थोड्या थोड्या सरकवल्या की झोप आपोआप त्यांच्यामागून येते. डोळ्यांवर पडणारा उजेड मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस आणि रात्र सांगतो आणि त्यावरून मेलाटोनिन हे झोपेला मदत करणारे संप्रेरक केव्हा स्रवायचे हे ठरते. लहान मुलांच्या डोळ्यांतले भिंग स्वच्छ असते आणि बाहुली मोठी असते, त्यामुळे त्यांच्यावर उजेडाचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. ऑक्टोबरमध्ये मुलाचे शरीर उशिराकडे न्यायचे असते; म्हणून संध्याकाळी भरपूर उजेड द्यायचा आणि पहाटे अंधार राखायचा. आम्ही नेमके उलट करत होतो. संध्याकाळी घर शांत राहावे म्हणून मंद दिवे, आणि पहाटे नाइलाजाने स्वयंपाकघरातला झगझगीत दिवा.

त्या दिवसापासून नर्सरीतून आल्यावर साडेसहापर्यंत घरातले सगळे दिवे आम्ही चालू ठेवू लागलो. नर्सरीतून येताना बाबागाडी घरी ठेवून तिला चालत आणू लागलो, त्यामुळे वीस मिनिटांची वाट पन्नास मिनिटांची झाली, पण ती डुलकी टळली. पहाटे ती उठली की मी दिवा न लावता तिच्या कॉटजवळ जमिनीवर बसायचो, पाठीवर हात ठेवायचो आणि दुधाची वेळ रोज दहा मिनिटांनी पुढे न्यायचो. पहिल्या दोन दिवशी ती फार रडली. मूल रडत असताना अंधारात नुसते बसून राहणे हे मला आजवर आलेल्या कठीण प्रसंगांपैकी एक आहे. तरी मी तिथून हललो नाही आणि ती एकटीही नव्हती, एवढे समाधान मला आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी दोष देणार नाही. पहाटेच्या पाळीला निघायचे असेल किंवा घरात दुसरे तान्हे बाळ असेल, तर पाचला दूध देऊन मोकळे होणे हाच शहाणपणा असू शकतो.

याच आठवड्यात दिवाळी होती. गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशी आली, आणि त्या एका दिवशी मी अंधाराचा नियम बाजूला ठेवला. चिऊ पावणेपाचला उठली. पत्नीही घरी होती. आम्ही तिच्या अंगाला कोमट तेल लावले, उटणे लावले आणि अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी पुरते दोन तास आधी उरकले. इथे आल्यापासून पहाटेची आंघोळ आम्ही कधी वेळेवर केली नव्हती. न्हाऊन माखून, नव्या परकरात गुंडाळलेली चिऊ खिडकीतल्या पणतीकडे एकटक पाहत बसली होती. तेव्हा आठवडाभराचा शीण क्षणभर उतरला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अंधार आणि पुन्हा दहा-दहा मिनिटे. सात नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे बदलानंतर अकराव्या-बाराव्या दिवशी, ती पावणेसहाला उठली आणि आम्ही त्यालाच सकाळ मानले.

हिवाळ्यात मी या पद्धतीचा इतिहास थोडा वाचला आणि एका गोष्टीने मला थबकायला लावले. घड्याळ बदलण्याची कल्पना ब्रिटनमध्ये नेटाने मांडली ती विल्यम विलेट या लंडनच्या बांधकाम व्यावसायिकाने. सकाळी घोड्यावरून रपेट करताना उन्हे वर आली तरी घरोघरचे पडदे बंद असल्याचे त्याला दिसे, आणि वाया जाणाऱ्या या उजेडाबद्दल त्याने १९०७ मध्ये एक पत्रक काढले. त्याची मूळ सूचना एका झटक्यात एक तास सरकवण्याची नव्हतीच. एप्रिलमधल्या चार रविवारी प्रत्येकी वीस मिनिटे घड्याळ पुढे न्यावे आणि सप्टेंबरमधल्या चार रविवारी तसेच मागे आणावे, असे त्याने सुचवले होते. १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, पहिले महायुद्ध चालू असताना, जर्मनीने एप्रिलअखेरीस आणि पाठोपाठ मे महिन्यात ब्रिटनने घड्याळे बदलली, ती मात्र एका रात्रीत पूर्ण तासाने. रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या दृष्टीने वीस-वीस मिनिटांचे बदल त्रासदायक ठरले असते, हे मला समजते. परंतु लहान मूल असलेल्या घराला विलेटची मूळ योजनाच मानवणारी आहे, आणि ती आपल्या घरापुरती राबवायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून २०२५ च्या मार्चसाठी आम्ही आठ दिवस आधीपासून सुरुवात केली. बदल ३० मार्चच्या रविवारी होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. मार्चमध्ये शरीर लवकरकडे न्यायचे असते, त्यामुळे २२ तारखेपासून आम्ही चिऊला रोज पाच ते दहा मिनिटे आधी उठवू लागलो आणि उठल्याबरोबर खिडकीपाशी नेऊन पडदे उघडू लागलो. जेवण, आंघोळ आणि झोप त्यामागून सरकवली. नर्सरीतल्या मुलांचे जेवण एकत्र असल्यामुळे तिथली वेळ हलवता येणार नव्हती. त्यामुळे आठवडाभरात जेमतेम पस्तीस मिनिटांपर्यंत मजल गेली. पण तासाऐवजी पंचवीस मिनिटांचा फरक उरणे ही फार मोठी सवलत असते, हे पुढच्या सोमवारी कळले.

पाडव्याच्या दिवशी सूर्योदय नव्या वेळेनुसार पावणेसातनंतर होता. आम्ही तिला सव्वासहाला उठवले, साखरेची गाठी तिच्या हातात दिली आणि बैठकीच्या मोठ्या खिडकीत गुढी उभारली. समोरच्या छपरांवरून आलेले पहिले ऊन तिच्या तोंडावर पडले होते. हेल्थ व्हिजिटरनी मार्चसाठी सांगितलेला उपाय नेमका हाच होता, सकाळचा स्वच्छ उजेड, आणि सणाने तो आम्हाला न मागता दिला.

मार्चची अडचण सकाळी नसते, ती रात्री असते. त्या दिवशी सूर्यास्त पावणेआठला होता. शनिवारी सातला जो अंधार पडू लागला होता, तो रविवारी त्याच वेळी नव्हता. चिऊ आता पंचवीस महिन्यांची होती आणि तिला प्रश्न विचारता येत होते. "उजेड आहे. सूर्यबाप्पा जागा आहे," असे म्हणून तिने कॉटमध्ये बसकण मारली. तिचे म्हणणे खरेच होते. मी तिला खोटे सांगितले नाही. "सूर्यबाप्पाला इथे जास्त वेळ खेळायचे आहे, चिऊ आधी झोपणार," असे सांगितले. जून महिन्यात इथे रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही आणि दिवस साडेसतरा तासांचा असतो. तेव्हा हे वाक्य पाठच करावे लागते. खोलीला आम्ही ब्लॅकआउटचे जाड पडदे आधीच लावले होते, पण ते पुरले नाहीत. आंघोळीपासून गोष्ट सांगण्यापर्यंतचा पाऊण तास ती उजेडात असायची आणि मग अचानक अंधाऱ्या खोलीत जायची, ते तिला मान्य नव्हते. शेवटी न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावला आणि सव्वासहापासून सगळ्या घरातले पडदे ओढू लागलो. चौथ्या दिवशी ती साडेसातला झोपली, आठव्या दिवशी सव्वासातला.

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक स्कॉटिश बाई राहतात. 'मग वर्षभर उन्हाळी वेळच का ठेवत नाहीत?' असे मी एकदा त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या शाळेतल्या दिवसांची आठवण सांगितली. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने खरोखरच तसा प्रयोग केला होता. डिसेंबरमध्ये एडिंबरात सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवू लागला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना मोटारींच्या उजेडात चमकणारे पट्टे दंडावर बांधून काळोखात चालत जावे लागे. त्या बोलण्यानंतर मी या बदलाला सरसकट नावे ठेवणे सोडले. पुण्यामुंबईकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस यांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक असतो, म्हणून तिथे घड्याळाला हात लावण्याची गरज भासत नाही. इथे तोच फरक साडेदहा तासांचा आहे, आणि कोणतेही एक घड्याळ दोन्ही टोकांना पुरत नाही.

२६ ऑक्टोबर २०२५ चा बदल सर्वांत सोपा गेला. एक तर दिवाळी आधीच्याच आठवड्यात होती. मित्रमंडळींकडच्या फराळामुळे आणि ओवाळण्यामुळे चिऊची रात्रीची झोप आपोआप पाऊण तास पुढे गेली होती, आणि दुपारची झोप आम्ही मोडू दिली नव्हती, त्यामुळे या वेळी तो थकवा साचला नाही. दुसरे म्हणजे आता तिला समजावता येत होते. रंग बदलणारा एक छोटा दिवा आम्ही तिच्या खोलीत ठेवला होता. निळा असेपर्यंत रात्र, पिवळा झाला की सकाळ. रविवारी ती पाच चाळीसला उठली, दिव्याकडे पाहून "अजून निळा" असे स्वतःशीच म्हणाली आणि वीस मिनिटे आपल्या कापडी हत्तीशी बोलत पडून राहिली. गुरुवारपर्यंत सगळे जागेवर आले. पत्नी त्या रात्री पुन्हा तेरा तासांच्या पाळीवर होती, सकाळी घरी आल्यावर तिने दाराशीच हलक्या आवाजात विचारले, "किती वाजता?" मी सांगितलेला आकडा तिला खरा वाटेना.

आईने साताऱ्याच्या स्वयंपाकघरात आता दुसरे एक घड्याळ लावले आहे. त्याला ती 'चिऊची वेळ' म्हणते. रविवारी तिने ते शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवून स्वतःच्या देखरेखीखाली एक तास मागे करून घेतले. हिवाळ्यात आम्ही दीड वाजताच फोन लावतो, म्हणजे तिच्या दिव्याची वेळ तिला बदलावी लागत नाही. त्यासाठी चिऊची दुपारची झोप आम्ही थोडी अलीकडे ठेवली आहे. पुढचा बदल २९ मार्च २०२६ ला आहे आणि पाडवा त्याच्या दहा दिवस आधी, १९ मार्चला. पाडव्याच्या पहाटे गुढीसाठी तिला लवकर उठवायचेच आहे, तेव्हा त्याच दिवसापासून सहा-सहा मिनिटांनी सुरुवात करायची, असे मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. न्हाणीघराच्या झरोक्याचा पुठ्ठाही कपाटावर जपून ठेवलेला आहे.